चौदाव्या चौकोनातली तुटक रेष

अमेरिकेतल्या एका टाऊनशिपचं काम मिळालंय, असं मी खोलीवर सांगितलं तेव्हा आमच्या खोलीतल्या पाटलांनी विचारलं, "टू बीएचके कितीला पडतो?" पाटील दोह्याबाहेर रास लफानला कंपनीची बस चालवतात. टाऊनशिप म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर पुण्याबाहेरच्या बारा-बारा मजल्यांच्या इमारती, स्विमिंग पूल आणि गेटवरचा वॉचमन येतो. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं, म्हणून मी त्यांना हसलो नाही.

मी दोह्यात नऊ वर्षं आहे. पहिली दोन वर्षं बरवा अल बराहाच्या कामगार क्वार्टरमध्ये राहून मोजणीच्या टीमबरोबर उन्हात पट्टी धरून उभा राहायचो. मग मुशैरिबमधल्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसायला मिळालं. आयटीआयला सर्व्हेयरचा ट्रेड केला होता, तो कामी आला. सध्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतोय, तिसरं वर्ष. आमच्या घरात कॉलेजात नाव घातलेला मी पहिलाच. त्यामुळे असं काही लिहायला बसलो की मागे कोणीतरी लाल पेन घेऊन उभं आहे असं वाटत राहतं. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी "तुझ्या कामाबद्दल लिही" असं सांगितलं गेलं तेव्हा दोनदा नाही म्हटलं. कारण माझ्या कामातली सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि ती सांगावी की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आधी काम काय ते सांगतो. जुना कागदी नकाशा स्कॅन होऊन आमच्याकडे येतो. स्क्रीनवर तो मागे ठेवायचा आणि त्यावरची प्रत्येक रेष माउसने गिरवायची. ओढा, कुंपण, रस्ता, शेताची हद्द. गिरवून झालं की प्रत्येक रेषेला एक कोड द्यायचा, म्हणजे ती रेष काय आहे हे कॉम्प्युटरला कळतं. काम एवढंच. पण गिरवणं हाताचं असतं आणि कोड देणं डोक्याचं. हात चुकला तर रेष चार फूट सरकते. डोकं चुकलं तर ओढ्याचा रस्ता होतो.

आमचं नेहमीचं काम म्हणजे दोह्यातल्या सांडपाण्याच्या लाइनी, केबली, चेंबरची झाकणं. अमेरिकेचं काम एका मोठ्या कंपनीकडून छोट्या कंपनीकडे आणि तिच्याकडून आमच्याकडे आलं. करारात नाव सांगायचं नाही अशी अट आहे. ते मध्य भागातल्या एका राज्यात आहे एवढंच सांगतो. आम्ही ऑफिसात त्याला छत्तीसगाव म्हणायचो.

कारण त्याचे छत्तीस चौकोन आहेत. सहा मैल लांब, सहा मैल रुंद जमीन घ्यायची, तिच्यावर मैलामैलावर रेषा मारायच्या, की झाली टाऊनशिप. डोंगर असो, दलदल असो, रेष सरळ जाणार. प्रत्येक चौकोनाला सेक्शन म्हणतात. नंबर वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू होतो, डावीकडे सहापर्यंत जातो, मग खालच्या ओळीत सात तिथूनच उलटा उजवीकडे. शेत नांगरताना बैल बांधाला जाऊन वळतात, तसं. आमच्या गावच्या नकाशात नंबर डावीकडून सुरू होतात, त्यामुळे मी पहिले दोन दिवस चुकत होतो. आमचे मॅनेजर सुदानचे, उस्मान साहेब. ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हा नकाशा शहाण्या माणसाने केलाय. उजवीकडून सुरू होतो." शेजारी बसलेले मुनाफभाई म्हणाले, "मग काय! आमच्या उर्दू शाळेतलाच असणार."

मुनाफभाई आमचे चेकर. म्हणजे मी गिरवलेली शीट ते तपासतात, त्यांची सही झाल्याशिवाय ती बाहेर जात नाही. गाव म्हसळ्याकडचं, दोह्यात सव्वीस वर्षं. घरी फोनवर बायकोशी बोलतात ती भाषा मला निम्मी कळते. माझ्याशी मात्र धुऊन इस्त्री केलेलं मराठी बोलतात. सव्वीस वर्षांत त्यांनी सही केलेली एकही शीट परत आली नव्हती. हे ते स्वतः सांगत नाहीत, पण ऑफिसात सगळ्यांना माहीत असतं याची काळजी घेतात.

त्या छत्तीस चौकोनांचे सात नकाशे आमच्याकडे आले होते, वेगवेगळ्या काळांतले. एकावर एक ठेवले की जागेचा इतिहास दिसायला लागतो. सर्वात जुन्या नकाशात फक्त मोजणीवाल्यांच्या नोंदी आहेत. साखळी टाकत गेलेली माणसं, वाटेत कोणतं झाड लागलं, पाणी कुठं गुडघ्याएवढं, सगळं लिहिलेलं. त्यात एक नागमोडी पायवाट आहे, तिथल्या मूळ लोकांची, आठ-नऊ चौकोन तिरपी कापत जाणारी. दुसऱ्या नकाशात ती नाही. कोणी पुसली याची कुठं नोंद नाही. दुसऱ्या नकाशापासून नावं सुरू होतात. एकेका चौकोनात सहा-सहा, सात-सात शेतकऱ्यांची नावं, बहुतेक जर्मन. सोळा नंबरचा चौकोन शाळेसाठी राखलेला. मग एक रेल्वे येते, एका कोपऱ्यात स्टेशन, स्टेशनभोवती दोन गल्ल्यांचं गाव, लोणी काढायचा कारखाना, दोन चर्च. पुढच्या नकाशात रेल्वे गेलेली असते. मग कारखाना, मग एक चर्च, मग शाळा. शेवटच्या नकाशात बऱ्याच चौकोनांत एकेकच नाव उरलंय.

एक गोष्ट मला फार आवडली. पृथ्वी गोल, आणि हे तिच्यावर चौकोन मारायला निघालेले. ते बसणारच नव्हते. मग मोजणीवाल्यांनी काय केलं, तर उरलेली सगळी तूट उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेच्या चौकोनांत ढकलली. त्यामुळे कडेचे ते चौकोन जरा अपुरे आहेत. चूक होणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून ती ठेवायची जागा आधीच ठरवून ठेवली होती.

त्या टाऊनशिपच्या कारकून म्हणजे नोरा मॅडम. वय अठ्ठ्याहत्तर. टाऊनशिपचं ऑफिस म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातलं टेबल. सभेचा वृत्तान्त लिहिणं, नोटिसा लावणं, जुन्या वह्या सांभाळणं, हे सगळं त्या तीस-बत्तीस वर्षं एकट्या करत होत्या. दर गुरुवारी आमच्या दुपारी चारला त्यांचा व्हिडिओ कॉल असायचा. तिकडे सकाळ, मागे किटली, खिडकीत मांजर. माझं नाव बालाजी. त्या बाला म्हणायच्या. बोलणं अर्थातच इंग्रजीत, पण माझ्या मावशीसारखं वाटायचं, म्हणून इथं तसंच लिहितो.

त्यांच्यामुळे मला तिथली माणसं कळली. एकोणतीस नंबरच्या चौकोनातल्या एका शेतकऱ्याचा मेल आला की त्याच्या तळ्याला त्याच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव द्या. मी घाबरत विचारलं, "मॅडम, हे अधिकृत आहे का?"

"तळं त्याचं, कुत्रा त्याचा. घाल नाव. पण बारीक अक्षरात."

"बारीक का?"

"नाहीतर त्याचा शेजारी उद्या गाईचं नाव घेऊन येईल."

मुनाफभाई मागून ऐकत होते. म्हणाले, "ही बाई म्हसळ्याची सरपंच व्हायला पाहिजे."

आता त्या रेषेचं सांगतो.

चौदा नंबरचा चौकोन वरून तिसऱ्या ओळीत, उजवीकडून दुसरा. मधोमध एक उंचवटा, त्यावर लहानसं कबरस्तान. पंधरा-वीस दगड. मुख्य रस्त्यापासून त्या उंचवट्यापर्यंत जुन्या नकाशात तुटक तुटक दोन रेषा शेजारीशेजारी जातात. ज्या नकाशात ही रेष होती त्याची खालची पट्टी, जिच्यावर खुणांचा अर्थ लिहिलेला असतो, ती फाटून गेलेली होती. अशा वेळी नियम आहे की अंदाज करायचा नाही, ग्राहकाला विचारायचं. मी विचारलं नाही. विचारावं असं वाटलंच नाही.

माझे वडील गावचे कोतवाल होते. तलाठ्याच्या मागे दप्तर घेऊन हिंडणं, नोटीस पोचवणं, दवंडी देणं हे त्यांचं काम. अण्णा चौथी शिकलेले. पण गावनकाशा उलगडला की तलाठ्याआधी त्यांचं बोट जागेवर जायचं. मला अक्षरं यायच्या आधी त्यांनी नकाशाच्या खुणा शिकवल्या. एकेरी तुटक रेष म्हणजे पायवाट. दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीरस्ता. शेत कोणाचंही असो, रस्ता सगळ्यांचा, तो कोणाला अडवता येत नाही. हे माझ्यात इतकं मुरलेलं होतं की मी ती दुहेरी तुटक रेष गिरवली आणि सार्वजनिक रस्त्याचा कोड टाकला. शीट मुनाफभाईंकडे गेली. तेही गावनकाशा बघत वाढलेले. त्यांनी सही केली. तिथं दुसऱ्या कुठल्या देशाचा चेकर असता तर त्याने विचारलं असतं, हे काय आहे? आम्ही दोघंही मराठी निघालो.

त्या आठवड्याचा नकाशा नोरा मॅडमनी कॉलवर पाहिला. चौदा नंबरवर आल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला तो रस्ता सापडला तर."

मला वाटलं शाबासकी आहे.

मग त्यांनी सांगितलं. त्या कबरस्तानात त्यांचा मोठा भाऊ आहे. एकोणिसाव्या वर्षी ट्रॅक्टर उलटून गेला. आई आहे, वडील आहेत. ती जमीन त्यांच्या घराण्याने विकली, मग पुढे विकली गेली, आता बाहेरून आलेल्या एका माणसाकडे आहे. त्याने फाटकाला साखळी लावलीय. तो वाईट नाही, त्या म्हणाल्या. पाऊस झाला की लोक गाड्या आत घालतात, पीक तुडवतात, म्हणून लावली. मागितली तर किल्ली देतो. पण मागावी लागते.

"भावाच्या शेजारची जागा माझी आहे, बाला. मला तिथं रस्त्याने जायचंय. कोणाच्या सोयाबीनमधून त्याची परवानगी घेऊन नाही."

पुढच्या महिन्यातल्या मंगळवारी त्यांच्या बोर्डाची सभा होती. बोर्डाने नकाशा मंजूर केला की तो अधिकृत. नकाशात सार्वजनिक रस्ता असेल तर त्यावर साखळी राहू शकत नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी अण्णांना फोन करून सांगितलं, एका म्हातारीचा रस्ता मी काढून दिला. अण्णा म्हणाले, "चांगलं केलंस की." महिनाभर मी त्याच आनंदात होतो.

सभेच्या आधीच्या बुधवारी ती पट्टी सापडली.

नकाशांबरोबर जुन्या वृत्तान्तांच्या वह्यांचे फोटोही आले होते, पान न् पान. त्यांची सूची करायची होती. एका वहीत दोन पानांच्या मध्ये कोणीतरी खूण म्हणून कागदाची पट्टी घातलेली होती. फोटो काढणाऱ्याने तिचाही फोटो काढला होता. फाटलेली कड माझ्या नकाशाच्या फाटलेल्या कडेशी जुळली. पट्टीवर चार खुणा. सलग दुहेरी रेष, टाऊनशिपचा रस्ता. तुटक दुहेरी रेष, खाजगी वाट.

म्हणजे माझा सार्वजनिक रस्ता खाजगी निघाला. मी मुनाफभाईंना लगेच दाखवलं नाही. आधी त्या काळच्या वह्या उघडल्या. म्हटलं, नंतर कधीतरी ती वाट सार्वजनिक झाली असेल, एखादा ठराव असेल, माझी रेष चुकून का होईना बरोबर निघेल. जेवायला उठलो नाही. तीनच्या सुमारास एक पान मिळालं. चौदा नंबरमधून रस्ता काढावा म्हणून शेजाऱ्यांचा अर्ज. जमीन मालकाची हरकत: माझ्या जमिनीतून सरकारी रस्ता नको, ज्याला यायचंय त्याने माझ्या अंगणातून यावं, मी कोणाला अडवलेलं नाही. अर्ज फेटाळला.

आमच्याकडे चूक सापडली की रिपोर्ट करायचा असतो. एक फॉर्म आहे. तो मॅनेजरकडे जातो, तिथून ग्राहकाला. फॉर्म उघडला आणि बंद केला. मग मुनाफभाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सही माझी आहे," ते म्हणाले.

"चूक माझी आहे, मुनाफभाई."

"चूक तुझी, सही माझी. म्हणजे चूक कोणाची?" मग पट्टीकडे बोट करून, "त्या बाईला माहीत नाही?"

"कसं माहीत असणार?"

"बत्तीस वर्षं वह्या तिच्याकडे आहेत ना रे बाबा?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी बसची वाट बघत अण्णांना फोन लावला. सगळं सांगितलं. अण्णांना फोनवर ऐकायला कमी येतं, त्यामुळे मी ओरडून सांगत होतो आणि स्टॉपवरचे दोन नेपाळी माझ्याकडे बघत होते.

"मंग आता काय करायलास?" अण्णा म्हणाले.

"रिपोर्ट द्यावा लागेल."

"दे. पर आधी त्या बाईला सांग."

"तिला ऑफिसकडून कळंलच की."

"तसं नसतंय बाबू. मी दवंडी द्यायच्या आधी काय करायचो? ज्याच्या घराची जप्ती हाय, ज्याची जमीन जायलीय, त्याच्या दारात जाऊन आधी सांगून यायचो. चारचौघांत कळण्याच्या आधी त्याला कळलं पाहिजे. तलाठी शिव्या द्यायचा. मी म्हणायचो, साहेब, हलगी माझ्या हातात हाय."

हे मला माहीत नव्हतं. लहानपणी अण्णांची हलगी ऐकली की पोरं मागे पळायची, मीही पळायचो. त्याआधी अण्णा कोणाच्या दारात जाऊन आलेले असायचे, हे तेव्हा कळण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. चारला कॉल लावला. मुनाफभाई नमाजला गेले होते, म्हणजे मला एकटं सोडायला गेले होते. मी पट्टी दाखवली. मग ते पान दाखवलं. माझं इंग्रजी अशा वेळेला फारच तुटतं. मांजर खिडकीतून उतरून गेलं.

"ते माझे आजोबा," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"ज्यांनी हरकत घेतली ते. त्यांच्या अंगणातून खरंच सगळे यायचे. ताक प्यायचे, जायचे. त्यांना कशाला हवा होता रस्ता?"

"म्हणजे तुम्हाला हे पान माहीत होतं?"

"बत्तीस वर्षं माझ्या कपाटात आहे. मला वाटलं होतं, तू तिथवर वाचणार नाहीस."

मी स्क्रीनवरचं पान मिटवलं. त्यांनीच विचारलं, "कोणाकोणाला सांगितलंस?"

"चेकरना. आणि माझ्या वडिलांना."

"मग राहू दे. मंगळवारी मंजूर होईल. बोर्डात तीन माणसं आहेत, एकही त्या वह्या उघडणार नाही. त्या माणसाचं काय जातंय? वर्षातून दोनदा एक म्हातारी जाईल. आणि एकदा गाडी." मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "सांग ना, कोणाचं नुकसान होतंय?"

मी एवढंच म्हणालो, "मॅडम, पुढचा नकाशा काढणारा माझ्या नकाशावरून काढेल."

आमच्या धंद्यात हे खरं आहे. कोणीही जमिनीवर जाऊन बघत नाही. मी आधीच्यावरून गिरवतो, पुढचा माझ्यावरून गिरवेल. मी त्या टाऊनशिपची एक ढेकूळही पाहिलेलं नाही.

"म्हणजे तुला पडलंय ते तुझ्या नकाशाचं," त्या म्हणाल्या. कॉल बंद झाला.

फॉर्म मी त्या दिवशी भरला नाही. शुक्रवार-शनिवार सुट्टी. शुक्रवारी मुनाफभाई म्हणाले, चल, फिरून येऊ. मुशैरिबच्या नव्या दगडी गल्ल्यांतून आम्ही चालत होतो. सगळं गुळगुळीत, सावलीत, ट्रामची घंटी. एका कारंज्यापाशी ते थांबले. "इथं माझ्या चुलत्याचा टेलरिंगचा गाळा होता. मागे बंगाल्याचं हॉटेल. इथून एक बोळ निघायचा थेट बस स्टँडला." त्यांनी हाताने बोळ दाखवला. हात एका चॉकलेटच्या दुकानाच्या काचेवर जाऊन थांबला. "आता कोणी मला नकाशा काढायला सांगितला, तर मी तो बोळ काढेन."

"मग त्या बाईंचा रस्ता ठेवू?"

"मी असं म्हटलं का?"

"मग काय म्हटलं?"

"मी म्हटलं, मी काढेन. म्हणून मला सांगू नये कोणी." ते पुढे चालायला लागले. मग वळून म्हणाले, "कस्टमर म्हणतोय ठेव, तर ठेवायला काय जातंय, असं मी काल रात्रीपर्यंत म्हणत होतो. झोप लागली का तुला?"

"नाही."

"मला पण नाही. यल्ला, चहा घेऊ."

रविवारी सकाळी आठला मी फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: खुणेचा अर्थ स्वतःच्या माहितीवरून लावला, ग्राहकाला विचारलं नाही. मुनाफभाईंनी सही केली. नेहमी ते झटक्यात सही करतात. त्या दिवशी एकेक अक्षर काढलं. उस्मान साहेबांनी फॉर्म वाचायला दोन मिनिटंही घेतली नाहीत. "खलास. दुरुस्त करा, पाठवा." एवढंच. मी चार रात्री ज्याला घाबरलो ते दोन मिनिटांचं होतं. मी परत खुर्चीवर बसलो, रेष निवडली, कोड बदलला. स्क्रीनवर लाल रेष करडी झाली.

पुढचा गुरुवार आला, नोरा मॅडमचा कॉल आला नाही. बोर्डातल्या एका माणसाने मेल केला की यापुढे प्रश्न त्याला विचारावेत. त्यानंतरचाही गुरुवार तसाच. मी चारला हेडफोन लावून बसायचो, साडेचारला काढायचो. मुनाफभाई चहा आणून ठेवायचे.

मग सभेच्या वृत्तान्ताचं पान आलं. करारानुसार नवी पानंही सूचीसाठी आमच्याकडेच येतात. अक्षर त्यांचं. मी ते अक्षर इतकी पानं वाचलंय की माझ्या भावाच्या अक्षरापेक्षा जास्त ओळखतो. सरळ, उजवीकडे किंचित झुकलेलं, कुठं खाडाखोड नाही.

लिहिलं होतं: दुरुस्त नकाशा सादर. कारकुनाने बोर्डाच्या निदर्शनास आणलं की सेक्शन चौदामधील वाट खाजगी असून आधीच्या प्रतीत ती चुकून सार्वजनिक दाखवली गेली होती. नकाशा एकमताने मंजूर. त्याखाली: कारकुनाने, सभेस हजर असलेल्या जमीन मालकाकडे, स्वतःच्या दफनाच्या वेळी सदर वाटेने नेले जाण्याची परवानगी मागितली. मालक म्हणाले, विचार करून सांगतो.

तीन माणसांसमोर आणि त्या माणसासमोर उभं राहून त्यांनी हे मागितलं असणार, आणि मग बसून स्वतःच्याच हाताने लिहून काढलं असणार. "कारकुनाने" असं. मी ते पान मुनाफभाईंना वाचून दाखवलं. ते उठून गेले.

सूचीत प्रत्येक नोंदीला निर्णय लिहावा लागतो. मंजूर, नामंजूर, मागे घेतला. या नोंदीला काय लिहायचं कळेना, म्हणून ती अपुरी ठेवली. बाकी सगळं काम संपत आलं. गेल्या महिन्यात उस्मान साहेबांनी विचारलं, एक नोंद लाल का दिसते? सुपूर्द करायच्या आधी यादीत लाल काही राहू नये. "नामंजूर टाक आणि बंद कर," ते म्हणाले. "हो म्हटलेलं नाही म्हणजे नाही."

मी म्हणालो, ग्राहकाला विचारतो.

नियमाने बोर्डातल्या माणसाला विचारायला हवं होतं. मी नोरा मॅडमना फोन लावला. मंगळवार होता, गुरुवार नाही. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा मागे किटलीचा आवाज येत होता.

"मॅडम, बालाजी. दोह्याहून. तुमची एक नोंद अपुरी आहे. सेक्शन चौदा. काय लिहू?"

किटलीचा आवाज बंद झाला. मला वाटलं, फोन ठेवणार.

"त्याने अजून सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "दर रविवारी चर्चमध्ये दिसतो. मी बघते, तो टोपीकडे बघतो."

"मग नामंजूर लिहू?"

"अजिबात नाही. राहू दे तशीच, बाला. मी अजून मेलेली नाही."

मी उस्मान साहेबांना सांगितलं, ग्राहकाच्या सूचनेवरून एक नोंद उघडी ठेवली आहे. त्यांनी कपाळाला हात लावला, मग सही केली. काम सुपूर्द झालं. आता दोह्याच्या केबलींचं काम चालू आहे. टाऊनशिपची नवी पानं मात्र दर महिन्याला येतात, आणि आली की मी आधी चौदा नंबर शोधतो. कालपर्यंतच्या पानांत काही नव्हतं.